मंगळवारची वाळू

"इथं सही करा," असं म्हणत हेर फोग्टनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पेनचं टोपण स्वतः काढून दिलं. एवढी अदब त्यांनी तीन महिन्यांत कधी दाखवली नव्हती. मला तेव्हाच वास यायला हवा होता.

शुक्रवारची सकाळ, पावणेनऊ वाजले होते आणि नऊला कॅन्टीनमध्ये माझा निरोप होता. जर्मनीतल्या त्या फाउंड्रीची रीत अशी की जो निघाला, त्यानंच मागं राहणाऱ्यांना खाऊ घालायचं. आपल्याकडे निघणाऱ्याला शाल-नारळ मिळतो, तिथं त्यालाच केक भाजावा लागतो. केक मला बापजन्मात जमला नसता, म्हणून मी होस्टेलच्या शेगडीवर बावीस माणसांचा शिरा केला होता आणि पातेलं कॅन्टीनच्या टेबलावर झाकून ठेवलं होतं. माझा सगळा जीव त्या पातेल्यात होता, कारण गार झालेला शिरा म्हणजे दगड.

"कसली सही?"

"औपचारिकता आहे. मंगळवारच्या पंप हाउसिंगचा अहवाल. वाचायचा असेल तर वाचा."

हेर फोग्ट, म्हणजे आपल्याकडचे श्रीयुत फोग्ट, तिथले गुणवत्ता विभागाचे प्रमुख. उंच, शांत, खिशात नेहमी दोन पेनं. मला पहिल्या दिवसापासून 'फ्राउ सुतार', म्हणजे श्रीमती सुतार, आणि 'तुम्ही' म्हणणारे. बाकी सगळी फाउंड्री मला 'सांयो' म्हणायची, कारण संयोगिता हे नाव त्यांच्या जिभेवरून घसरायचं. मी कोल्हापूरची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची, तीन महिन्यांची इंटर्न. जर्मन तोडकंमोडकं. पण दुसऱ्या भाषेच्या गर्दीत स्वतःचं नाव कुणालाही सापडतं, आणि त्या कागदावर माझं नाव चार वेळा होतं.

प्रशिक्षणार्थी संयोगिता सुतार हिनं मंगळवारी परवानगीशिवाय वाळूच्या मिक्सरमध्ये हात घातला, पाणी वाढवलं, त्यामुळं वाळू बिघडली, आणि पंपाची शेहेचाळीस हाउसिंग, म्हणजे बाहेरची ओतीव कवचं, बाद झाली, असा एकूण मजकूर होता.

"हे खोटं आहे," मी म्हणाले.

"तुम्ही हात घातला नव्हता का? कॅमेऱ्यात दिसतंय."

हात घातला होता. तेच तर सांगायचं आहे.

माझे आबा शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. तीस वर्षं त्यांनी वाळूचे साचे बांधले. मी लहान असताना डबा द्यायला जायची, तेव्हा ते माझ्या मुठीत साच्याची काळी वाळू द्यायचे. मूठ आवळायची, उघडायची आणि तो गोळा मधोमध मोडायचा. कडा नीट तुटल्या, तळवा कोरडा राहिला, तर वाळू बरोबर. तळव्याला ओल लागली की वाळू परत मिक्सरला. वाळू ओली असताना तापलेलं लोखंड ओतलं, की आतल्या आत वाफ धरते आणि कास्टिंगच्या पोटात भोकं राहतात. वरून चकचकीत, आतून पोकळ. "मशीनला काय इचारतीस, हाताला इचार की," असं आबा म्हणायचे, आणि मशीन त्यांच्याकडे होतंच कुठं?

जर्मन फाउंड्रीत वाळूला हात लावायला बंदी होती. तिथं मीटर होता. मिक्सरच्या पोटात त्याची सळई, बाहेर हिरवे आकडे. शंभरात तीन पूर्णांक दोन पाणी दाखवलं की वाळू चांगली. सगळेजण त्या हिरव्या आकड्यांवर देवासारखा विश्वास ठेवायचे. मंगळवारी सकाळी मी मिक्सरजवळून जात होते आणि वाळूचा रंग मला जरा गडद वाटला. नियम माहीत असूनही मी हातमोजा काढला आणि मूठ भरली. तळवा ओला झाला.

मिक्सरवर डिटर होता. "डिटर, वाळू ओली आहे," मी म्हणाले. त्यानं मीटरकडं पाहिलं, माझ्या तळव्याकडं पाहिलं आणि ऑफिसला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते त्यानं मला खांदे उडवून सांगितलं, "मीटर तीन-दोन दाखवतोय ना, म्हणे. मग चालू ठेवा." चालू ठेवलं. बुधवारी हाउसिंग मशीनवर कापायला घेतली आणि प्रत्येकाच्या पोटात भोकं.

"फोन तुमच्याच ऑफिसात आला होता," मी हेर फोग्टना म्हणाले. "मी पाणी वाढवलं नाही. पाणी जास्त आहे हे मी सांगितलं."

"तशी कुठंही नोंद नाही."

"मीटर तपासलात का?"

"मीटर बरोबर आहे."

"दर सोमवारी वाळू सुकवून मीटर पडताळायचा असतो. गेले तीन सोमवार पडताळलाय का?"

ते पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहू लागले. पडताळणी हे त्यांच्याच विभागाचं काम. लॅबचा माणूस रजेवर होता, त्याच्या जागी कुणी नेमलं नव्हतं, आणि हे मला ठाऊक असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. इंटर्नला कुणी मोजत नाही. त्यामुळं सगळे तिच्यासमोर सगळं बोलतात.

"फ्राउ सुतार," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "शिकाऊ माणसाच्या हातून चुका होतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. ग्राहकालाही ते पटतं. उद्या तुम्ही विमानात बसाल. हा कागद इथल्या फायलीत राहील. तुमचं त्यात काय बिघडतं?"

मग त्यांनी ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला. माझं प्रमाणपत्र. जाड पांढरा कागद, वर फाउंड्रीचं चिन्ह, शेवटी 'अतिशय उत्तम' असा शेरा. फक्त त्यांची सही व्हायची होती. तो कागद घेऊन गेल्याशिवाय कॉलेज माझं सत्र धरणार नव्हतं. एक सत्र बुडालं की पदवी सहा महिने पुढं. हे त्यांना माहीत होतं, कारण पहिल्या आठवड्यात मीच भाबडेपणानं सांगितलं होतं.

"आणि सही नाही केली तर?"

"मग दोष कुणाचा ते शोधावं लागेल. मिक्सरवर डिटर होता. त्याला एक लेखी ताकीद आधीच मिळालेली आहे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. विचार करा."

मासा कुठं अडकतो हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. पहिल्या आठवड्यात नाश्त्याच्या सुट्टीत माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं, तेव्हा डिटरनं बाकावरची पिशवी उचलून मला जागा करून दिली होती. मी मांस खात नाही हे कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यात एक चीजचा पाव जास्तीचा येऊ लागला. मी बोलताना चुकले की तो पोट धरून हसायचा आणि मग बरोबर शब्द तीन वेळा म्हणून घ्यायचा. आदल्या संध्याकाळी त्यानं मला घरी जेवायला बोलावलं होतं. त्याच्या बायकोनं, इंगेनं, बटाट्याचं सूप केलं होतं आणि निघताना माझ्या डोक्यावर लोकरीची टोपी चढवली होती. परक्या देशात इतकं आपलं मला दुसरं कुणी नव्हतं.

म्हणजे एक तर मी, नाही तर डिटर. तिसरं नाव या कागदावर कुठंच नव्हतं, आणि ते तिसरं नाव माझ्यासमोर खुर्चीत बसून पेनचं टोपण फिरवत होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तो कागद उचलला आणि दार उघडून बाहेर पडले.

"फ्राउ सुतार! कागद बाहेर न्यायचा नाही!"

मी मागं वळून पाहिलं नाही. शेवटचा दिवस म्हणून मी त्या दिवशी कामाचे कपडे घातले नव्हते. निळा पंजाबी ड्रेस, त्यावर ओढणी, आणि पायात मात्र फाउंड्रीचे पोलादी बूट. त्या अवतारात मी शॉपमधून, म्हणजे ओतकामाच्या शेडमधून, तरातरा चालले होते, मागून हेर फोग्ट लांब टांगा टाकत येत होते, आणि कॅन्टीनकडं निघालेली माणसं जागच्या जागी थांबत होती. बरंच झालं. मला माणसं हवीच होती.

डिटर मिक्सर बंद करत होता. पंप हाउसिंगचं काम बुधवारपासून थांबवलं होतं. सध्या माल उचलणाऱ्या गाड्यांना तोलासाठी मागून लावायची जाड वजनं ओतत होते, ज्यांच्या पोटात भोकं पडली तरी कुणी डोकावत नाही. वाळू तीच होती. मीटरवर हिरवे आकडे तसेच, तीन-दोन.

"डिटर," मी म्हणाले, "मंगळवारी मी तुला काय सांगितलं होतं?"

त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या फोग्टकडं. खिशातला फडका काढून तो हात पुसायला लागला. ते हात कोरडेच होते.

"आठवत नाही गं," तो म्हणाला. "आवाज फार होता."

मला कुणी कानाखाली मारली असती तरी एवढं लागलं नसतं. पण मी स्वतःला समजावलं, की साहेब समोर उभा आहे, म्हातारा घाबरला आहे, त्याचं काय चुकलं. मी लॅबमधून तराजू आणि सुकवायचा दिवा आणला. पत्र्याच्या डब्यात मिक्सरमधली वाळू घेतली आणि बरोबर पन्नास ग्रॅम मोजली. हे काम शाळेतल्या पोरालाही जमेल. वाळू सुकवायची आणि पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं, तेवढं पाणी.

"याची गरज नाही," फोग्ट म्हणाले.

"दहा मिनिटं लागतील. शिरा तसाही गार झालाय."

माणसं जमली. कुणी घड्याळाकडं पाहत होतं, कुणी माझ्या ओढणीकडं. साच्याच्या आतले वाळूचे गाभे बनवणाऱ्या कोअर शॉपमधली गुल्टेन पुढं आली आणि हाताची घडी घालून तराजूसमोर उभी राहिली. तिचे आईवडील तुर्कस्तानातून तिथं आले होते, आणि तिचा आवाज भट्टीच्या घरघरीतसुद्धा ऐकू यायचा. दिव्याखाली वाळूतून वाफ निघत होती. हात खोटं सांगत असेल तर? मीटर तीन महिने बरोबर होता, मंगळवारी तळव्याला घाम आला असेल तर? बावीस माणसांपुढं माझी शोभा होणार होती.

डबा परत तराजूवर ठेवला. डब्याचं वजन वगळून आकडा आला, आणि तो गुल्टेननंच मोठ्यानं वाचला, "सत्तेचाळीस पूर्णांक सात."

पन्नासात दोन पूर्णांक तीन पाणी. शंभरात चार पूर्णांक सहा. मीटर अजून तीन-दोनच दाखवत होता.

"एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही," फोग्ट म्हणाले.

"मग दुसरा नमुना घ्या. तुमच्या हातानं घ्या."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. फोग्टची मान लाल झाली, पण आवाज चढला नाही. त्या माणसाचं मला आजही नवल वाटतं.

"याची रीतसर चौकशी होईल. तोवर अहवाल अपुरा राहील. आणि अहवाल अपुरा असताना मी प्रमाणपत्रावर सही करू शकत नाही. तुम्हाला समजतंय ना, फ्राउ सुतार?"

समजत होतं. सहा महिने समजत होते. कर्ज काढून तिकीट काढणारे आबा समजत होते. कॉलेजातल्या सरांचा चेहराही डोळ्यांपुढं आला. क्षणभर असं वाटलं, की करावी सही आणि मोकळं व्हावं, आता सगळ्यांना खरं कळलंच आहे. पण सगळ्यांना कळलेलं खरं कागदावर येत नाही, आणि पुढं वाचला जातो तो कागद.

"सही पाहिजे ना तुम्हाला?" मी म्हणाले. "करते की."

गुल्टेनच्या खिशातलं पेन घेऊन मी तो अहवाल मिक्सरच्या पत्र्यावर ठेवला. त्यावर छापलेल्या मजकुराखाली, सहीच्या रिकाम्या जागेत, माझ्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये लिहायला लागले. मंगळवारी मी वाळू हातात घेतली. ती ओली होती. मी पाण्याला हात लावला नाही. आज सर्वांसमोर वाळू सुकवून मोजली, पाणी चार पूर्णांक सहा, मीटरवर तीन पूर्णांक दोन. जागा संपली. पुढचं वाक्य लिहायला मी कागद उलटा केला.

मागच्या बाजूला आधीच चार ओळी होत्या. साक्षीदाराचं निवेदन. 'प्रशिक्षणार्थीनं पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवताना मी प्रत्यक्ष पाहिलं.' खाली डिटरची सही होती. गुरुवारची तारीख होती.

गुरुवारी संध्याकाळी मी त्याच्या घरी सूप प्यायले होते.

मी मान वर केली नाही. डिटर माझ्यापासून दोन हातांवर उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता. माझं जे वाक्य लिहायचं राहिलं होतं ते असं होतं: 'मी सांगितल्यावर डिटरनं लगेच ऑफिसला फोन केला, आणि ऑफिसनं काम चालू ठेवायला सांगितलं.' या एका वाक्यानं त्याची नोकरी वाचणार होती. हे वाक्य गाळलं असतं तर मी कुठं खोटी पडले नसते. मी फक्त गप्प बसले असते, जसा तो बसला होता.

मी पेन पुन्हा कागदावर टेकवलं. मग त्याच्या सहीच्या खाली मी ते वाक्य लिहिलं. अक्षर वाकडं आलं, शब्दही चुकला असेल. त्याखाली ठसठशीत देवनागरीत सही केली, संयोगिता महादेव सुतार, आणि कागद फोग्टच्या हातात दिला.

"हे कुणाला वाचता येईल?" सहीकडं बघत ते म्हणाले.

"मला येतं," मी म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि ऑफिसकडं निघून गेले. माझं प्रमाणपत्र त्यांच्या ड्रॉवरमध्येच राहिलं, आणि खरंच माझं सत्र बुडालं. कोल्हापुरात सरांनी मला वर्गासमोर झापलं. आबा मात्र सगळं ऐकून घेतल्यावर एवढंच म्हणाले, "चार पूर्णांक सहा म्हंजे लईच वली गं." आज मला वाळूच्या लॅबमध्ये चौदा वर्षं झाली. गुल्टेननं पुढं कळवलं की मीटर बदलला आणि फोग्ट त्याच खुर्चीत आहेत. डिटरही होता, दोन वर्षं पुरी करून सन्मानानं निवृत्त झाला म्हणे.

पण त्या सकाळी आधी निरोप व्हायचा होता. शिऱ्याचा खरोखर दगड झाला होता. गुल्टेननं सुरी आणून त्याच्या केकसारख्या वड्या कापल्या आणि सगळ्यांनी त्या खाल्ल्या, काहींनी दोनदा घेतल्या. भाषण ठरलं होतं ते झालं नाही. कुणी फोग्टचं नाव काढलं नाही, कुणी माझी पाठही थोपटली नाही. पण निघताना एकेकजण पुढं येऊन हात मिळवत होता, आणि रोजच्यापेक्षा तो हात जरा जास्त वेळ धरून ठेवत होता. वीस हात मी मोजले. डिटर कॅन्टीनमध्ये आला नव्हता.

तो फाटकाबाहेर सायकलींच्या मांडवाखाली उभा होता. टोपी हातात घेतलेली.

"तू ते वाक्य लिहिलंस," तो म्हणाला.

"खरं होतं म्हणून लिहिलं. तुझ्यासाठी नाही."

"मला दोनच वर्षं राहिली आहेत, सांयो. मी कुठं जाणार? तू तर जाणारच होतीस."

"जाणाऱ्या माणसाला नाव नसतं का?"

त्याचे डोळे भरले होते, आणि ते बघून मला वाईट वाटलं, याचाच मला जास्त राग आला.

"काल मी तुझ्या घरी जेवायच्या टेबलाशी बसले होते," मी म्हणाले. "इंगे सूप वाढत होती. तेव्हा बोलायचं होतंस. म्हणायचं होतंस, सांयो, माझी नोकरी जाईल, मला तुझं नाव दे."

त्यानं डोळे पुसले. "मागितलं असतं, तर दिलं असतंस?"

"नाही," मी म्हणाले. "पण मागायला हवं होतंस."

बस वळणावर दिसायला लागली होती. डिटरनं टोपी दुसऱ्या हातात घेतली आणि उजवा हात पुढं केला. मी बॅग खाली ठेवली, माझे दोन्ही हात जोडले, आणि मग बॅग उचलून स्टॉपकडं चालू लागले.